अण्णांचा होशिनो सिक्स

मत्सर ही माणसाच्या मनातली सगळ्यांत हलकी भावना आहे आणि शिकल्यासवरल्या माणसाला ती शिवता कामा नये, असं माझं पूर्वीपासूनचं ठाम मत आहे. कॉलेजात माझ्या मागून लागलेले लोक माझ्या पुढे गेले, मी त्यांचे पेढे खाल्ले. शेजाऱ्यांनी चारचाकी घेतली, मी तिला हार घातला. साडूची गोष्ट वेगळी. साडू मुळात त्याचसाठी असतो.

“हात पुढे करा, जावईबापू,” अण्णा म्हणाले.

आम्ही दोघांनीही हात पुढे केले.

अधिक ज्येष्ठ चालू होता. फलटणला माझ्या सासुरवाडीच्या मधल्या खोलीत दोन पाट मांडले होते. एकावर मी, साताऱ्याला अर्थशास्त्र शिकवणारा प्राध्यापक रिसबूड, थोरला जावई. दुसऱ्यावर श्रीनिवास देवस्थळी, धाकटा जावई, मुक्काम बारामती, धंदा ठिबक सिंचनाच्या नळ्या विकण्याचा. अधिक महिन्यात जावयांना बोलावून धोंडे खाऊ घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात, ते सगळं यथासांग झालं होतं. शिवाय सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, एकाच ताग्यातल्या बदामी कापडाचे दोन नेहरू शर्ट शिवून घेतले होते आणि ते अंगात घालूनच आम्हाला जेवायला बसवलं होतं. जावयांत डावंउजवं करायचं नाही, हा माईंचा कायदा. माप मात्र देवस्थळ्यांचं घेतलेलं दिसत होतं. मला काखेत काचत होतं.

“वाण झालं ते माईचं,” अण्णा म्हणाले. “आता हे माझ्याकडून.”

त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू होत्या. एक लांबट. दुसरी बुटकी, चपटी आणि जड. त्या दुसरीचा आकार मी झोपेतही ओळखला असता.

तो होशिनो सिक्स होता. अण्णा कालव्यावर ओव्हरसियर होते, त्या काळात त्यांनी मुंबईच्या धक्क्यावर एका खलाशाकडून घेतलेला जपानी घडीचा कॅमेरा. मिटलेला असला की पानाच्या डब्यासारखा दिसायचा. बाजूचं बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडायचं आणि पेटीच्या भात्यासारखा काळा चुणीदार भाता पुढे सरकून त्याच्या टोकाला भिंग उभं राहायचं. त्या कॅमेऱ्याने अण्णांनी कालव्याच्या दारांचे फोटो काढले होते. एकाही फोटोत माणूस नव्हता. माणूस आला की माप चुकतं, असं ते म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला त्यांनी तो मला एकदा दाखवला होता, उघडून आणि मिटून. मला फोटोग्राफीचा नाद. तेव्हापासून मी फलटणला जाताना बॅगेत त्याला लागणारा एकशेवीसचा रोल न चुकता ठेवायचो. वेळ सांगून येत नाही. तो कॅमेरा आज ना उद्या माझा होणार हे मी, माझ्या बाजूने, ठरवून टाकलं होतं.

अण्णा आमच्या दोघांसमोर उभे राहिले. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून ती जड वस्तू देवस्थळ्यांच्या हातात ठेवली.

“ज्याला नाद आहे, त्याच्याकडेच वस्तू जावी,” ते म्हणाले. “जपून वापरा.”

मग लांबट वस्तू माझ्या हातात आली. मी कागद सोडला. तीन सेलांची बॅटरी होती. सेल नव्हते.

“अंधारात जपून चाला,” अण्णा म्हणाले. “खड्डे फार असतात.”

“अय्या, कॅमेरा!” माझी मेहुणी चारू ओरडली. “अहो, बघा तरी उघडून!”

देवस्थळी कॅमेरा उलटासुलटा करून पाहत होते. “कुठून उघडतात, सर?”

ते मला सर म्हणतात. मी बटण दाबून दाखवलं.

जेवणानंतर आतल्या खोलीत बायकोने मला गाठलं.

“तोंड एवढंसं का झालंय तुमचं?”

“माझं? छे.”

“मघापासून एकच अनारसा हातात धरून बसलाय. त्याचा चुरा झालाय.”

“वैजू, नाद म्हणजे काय गं?”

“आता काय झालं?”

“अण्णा म्हणाले ना, ज्याला नाद आहे त्याला. देवस्थळ्यांना कसला नाद आहे? त्या माणसाने मुलाच्या मुंजीत काढलेल्या फोटोत मुलगा नाही. नुसते केळीचे खांब आहेत.”

“असेल काही तरी. अण्णांच्या मनात काय असतं ते कोणाला कळलंय?”

“आणि ते खड्ड्यांचं?”

“कसल्या खड्ड्यांचं?”

“अंधारात जपून चाला, खड्डे फार असतात. हे माझ्या पीएचडीला उद्देशून होतं.”

वैजूने माझ्याकडे पाहिलं. “तुमची पीएचडी चालू आहे हे अण्णांना माहीत तरी आहे का?”

“म्हणूनच तर म्हणतोय. ते फार आडून बोलतात.”

“मग जा आणि विचारा त्यांना तोंडावर.”

विचारणं शक्य नव्हतं. जावयाने वाण मोजून घ्यायचं नसतं. आणि अण्णांनी एकदा ठरवलेल्या गोष्टीबद्दल त्या घरात कोणी कधी काही विचारलं नव्हतं. कालव्याचं दार उघडायचं की बंद करायचं याच्यावर ज्याने आयुष्य काढलं, त्या माणसाचं बोलणंही तसंच असतं. मी ओसरीवर गेलो. देवस्थळी कॅमेरा मांडीवर घेऊन, झाकण उघडत आणि मिटत बसले होते. प्रत्येक वेळी भाता पुढे आला की हसत होते.

मी शेजारी बसलो आणि एका समंजस माणसाच्या आवाजात म्हणालो, “चांगला आहे. पण तसा काही फार नावाजलेला नाही हं हा.”

“असं?”

“होशिनो. ऐकलंय का कधी नाव? मी तर कुठल्याच मासिकात वाचलं नाही. कोणाकडे पाहिला नाही. सुटे भाग मिळणार नाहीत, दुरुस्ती करणारा मिळणार नाही.”

देवस्थळ्यांचे डोळे मोठे झाले. “म्हणजे दुर्मीळ आहे!”

“दुर्मीळ असं नाही. अनोळखी म्हणा.”

“चारू!” त्यांनी आत हाक मारली. “अगं, सर म्हणतायत असा दुसरा कोणाकडेच नाही!”

“शोभेला ठेवायला ठीक आहे,” मी घाईने म्हणालो. “रोजच्या वापराला त्रासच. तुमचा फिरतीचा धंदा, त्यात हा भाता नाजूक. मी म्हणत होतो, माझ्याकडचा नवा कॅमेरा आहे, फ्लॅशचा. तुम्हाला मुलांचे फोटो काढायला तो बरा पडेल. तो घ्या, आणि हे लोढणं मी नेतो.”

“छे छे, सर! तुमचा नवा कोरा कॅमेरा मी घेऊ आणि तुमच्या गळ्यात हे लोढणं बांधू? मी एवढा हलकट नाही.”

या माणसाचा हाच दोष होता. तो मनापासून बोलायचा.

उन्हं कलल्यावर माईंनी फोटोची टूम काढली. नवा कॅमेरा घरात आलाय, अधिक महिना आहे, दोन्ही लेकी-जावई आहेत, एक फोटो निघायलाच हवा. देवस्थळी म्हणाले, रोल कुठे मिळेल? वैजूने अत्यंत शांतपणे सांगितलं, “यांच्या बॅगेत आहे.”

“काय सांगता!” देवस्थळी म्हणाले. “सर, तुम्हाला कसं कळलं की मला कॅमेरा मिळणार?”

माझा रोल मी माझ्या हाताने त्यांच्या कॅमेऱ्यात भरला. मागच्या लाल काचेच्या खिडकीत एकचा आकडा येईपर्यंत कळ फिरवली. बरं चाललं होतं. बोटांना कॅमेरा ओळखीचा वाटत होता, निदान मला तरी तसं वाटलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या. मधोमध अण्णा, डावीकडे माई, मागे दोघी लेकी. अण्णांच्या उजव्या हाताला एक खुर्ची. ती जावयाची. जावई दोन होते.

“तुम्ही बसा, सर. तुम्ही थोरले,” देवस्थळी म्हणाले.

“नाही नाही, कॅमेरा तुमचा. तुम्ही बसा.”

“मला काढता येत नाही, सर.”

“म्हणूनच म्हणतो, बसा.”

माई म्हणाल्या, “अहो, दोन काढा की! एकात हे, एकात ते. ऊन चाललंय.”

तसं ठरलं. मी कॅमेरा स्टुलावर पुस्तकं रचून पक्का बसवला, अंतर पावलांनी मोजलं, भिंगावरचा खटका ओढला. देवस्थळी अण्णांच्या शेजारी असे बसले की जणू त्यांना पालखीत बसवलंय. मी बटण दाबलं. मग मी जाऊन त्या खुर्चीत बसलो. ती गरम होती. देवस्थळी स्टुलाशी गेले. मी बसल्या जागेवरून सूचना दिल्या. “वरचा खटका ओढा. हलवू नका. आता बाजूचं बटण. अलगद.”

“झालं!” ते म्हणाले.

“झकास,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि देवस्थळी गावातल्या स्टुडिओत गेलो. उरलेला रोल त्यांनी संध्याकाळी म्हशीवर आणि तुळशीवर संपवला होता. स्टुडिओवाल्या घाडग्यांनी ओला फोटो चिमट्याला लावून आमच्यासमोर धरला आणि ते आत निघून गेले. आतून त्यांच्या खोकण्याचा आवाज आला. बहुधा खोकला नसावा.

फोटो स्वच्छ आला होता. अण्णा रेखीव, माई रेखीव, मागे दोघी लेकी, जराशा हलल्या होत्या पण ओळखू येत होत्या. अण्णांच्या उजव्या हाताला एकाच खुर्चीत एकच बदामी शर्ट घातलेला एक जावई होता. त्याला चार हात होते. त्याला माझी मिशी आणि देवस्थळ्यांचा चष्मा होता. चष्म्याच्या आत तीन डोळे मोजता येत होते.

“सर,” देवस्थळी हळूच म्हणाले, “हे कोण?”

“तुम्ही रोल पुढे सरकवला नाहीत?”

“मी?”

“पहिला फोटो झाला की मागच्या खिडकीत दोनचा आकडा येईपर्यंत कळ फिरवायची. मी काल भरताना दाखवलं होतं.”

“हो, पण मला वाटलं तुम्ही फिरवून दिलीत.”

“मी का फिरवीन? कॅमेरा तुमचा. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची कळ मी आपणहून कशी फिरवू? काल वाणात मिळालेली वस्तू. तुम्हालाच वाईट वाटलं असतं.”

“सर, मी तुमच्या घरून डबा आणला तर रिकामा, घासून परत देतो की नाही?”

“डब्याचा काय संबंध?”

“तुम्ही वापरून माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, सरांसारखा माणूस वस्तू आवरूनच देणार.”

त्यांचं बोलणं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. आम्ही दोघांनी रीत पाळली होती आणि त्यामुळे आम्हा दोघांचा मिळून एक जावई झाला होता.

घरी फोटो हातोहात फिरला. चारू म्हणाली, “नाक भावोजींचं आहे. हसणं यांचं.” वैजू म्हणाली, “तसा जमून आलाय गं. असा एकच मिळाला असता तर बरं झालं असतं.” माई पदराने डोळे पुसत होत्या आणि ते रडणं नव्हतं. फोटो अण्णांकडे गेला. त्यांनी तो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला.

“उत्तम,” ते म्हणाले. “मोठा करून घ्या. फ्रेम करू.”

अण्णांनी ठरवलं होतं. पंधरा दिवसांनी तो फोटो मधल्या खोलीत, दाराच्या वर लागला. मी साताऱ्याला परतलो, बॅटरीत सेल टाकले आणि वीज गेल्यावर वैजू ती स्वयंपाकघरात वापरू लागली. पीएचडी मी पुढे नेली नाही. खड्ड्यांबद्दलचं बोलणं मनातून जात नव्हतं. रात्री पडल्या पडल्या मी एकच हिशोब मांडायचो. अण्णांना देवस्थळ्यांत असं काय दिसलं, जे त्यांना माझ्यात अकरा वर्षांत दिसलं नाही?

दिवाळीनंतर अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्यांनी तो हट्टाने कोणाला सांगितला नव्हता. पट्ट्या निघाल्या, नवा चष्मा आला, तेव्हा मी आणि वैजू त्यांना भेटायला गेलो. अण्णा घरभर हिंडून एकेक वस्तू नव्याने पाहत होते. भिंतीला पोपडे आलेत म्हणाले. माईंना म्हणाले, तू म्हातारी झालीस. मग दाराखाली थांबून त्यांनी वर पाहिलं.

“हे काय आहे?”

“अधिकातला फोटो, अण्णा,” मी म्हणालो.

“ते कळलं. माझ्या शेजारी कोण बसलंय?”

“मी. आणि देवस्थळी.”

“एका खुर्चीत?”

“फोटो एकावर एक बसलाय.”

अण्णा बराच वेळ पाहत राहिले. “कमाल आहे. मला वाटलं, कॅमेऱ्याने अगदी बरोबर टिपलंय. गेली दोन वर्षं मला सगळी माणसं अशीच दिसत होती.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “एवढा तुम्हाला नाद, आणि कॅमेरा दिल्यावर पहिलाच फोटो असा काढलात?”

“मला नाही, अण्णा. कॅमेरा देवस्थळ्यांचा.”

“त्यांचा कुठला? कॅमेरा तुम्हाला दिला. त्यांना बॅटरी. रात्री-बेरात्री लोकांच्या रानात नळ्या तपासत हिंडतात ते. तुम्हाला काय करायचीय बॅटरी? तुम्ही नऊला झोपता.”

माई दारात आल्या. “अहो, कॅमेरा तुम्ही श्रीनिवासरावांना दिलात.”

“मी?”

“दोघांनी सारखे शर्ट घातले होते ना.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुमचं काही तरी असेल. इतकी वर्षं तुमचं काही तरी असतंच.”

माझ्या छातीत काही तरी उघडून पुढे सरकलं. वरकरणी मी म्हणालो, “असू द्या हो, अण्णा. एवढं काय त्यात. त्यांच्याकडे काय आणि माझ्याकडे काय.” वैजूने मला कोपराने ढोसलं, पण ते हळू होतं, आणि अण्णा तोवर टेलिफोनचं पुस्तक चष्म्याशिवाय वाचता येतं का ते पाहत बारामतीचा नंबर शोधू लागले होते.

पुढच्या रविवारी देवस्थळी स्वतः साताऱ्याला आले. कॅमेरा त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून आणला होता. चामड्याच्या कव्हराची तुटलेली वादी चांभाराकडून नवी करून घेतली होती.

“घ्या, सर. तुमची वस्तू.”

“एवढी काय घाई होती?”

“नाही, तुमचीच आहे.” ते खुर्चीत बसले. “मी म्हणत होतोच, सर. माझा कसला नाद? पण अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले ना, तेव्हा मला वाटलं, त्यांना माझ्यात काही तरी दिसलं असेल. मग मी म्हटलं, नाद नसला तर लावून घेऊ.”

त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यात फोटो होते. पहाटे उसाला पाणी देत उभा असलेला पाटकरी. मुलीची वेणी घालणारी चारू, पाठमोरी. नळीच्या तोंडाशी लोंबणारा पाण्याचा एक थेंब आणि त्या थेंबात उलटं दिसणारं झाड. मी ते एकेक करून पाहिले आणि परत पाकिटात घातले.

फोटो चांगले होते. मला ते आवडलं नाही.

“बॅटरी आणते,” वैजू म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. देवस्थळ्यांनी ती खटका दाबून पाहिली, छान लागते म्हणाले, चहा घेतला आणि एसटीने गेले.

त्यानंतर मी होशिनो सिक्सने पुष्कळ फोटो काढले. उसाचे काढले. वैजूचे पाठमोरे काढले. ती दर वेळी वळून म्हणाली, काय हवंय? बागेतल्या नळाच्या थेंबासाठी मी एक अख्खा रोल घालवला आणि त्यात नळ आला. रोल सरकवायला मी एकदाही विसरलो नाही. प्रत्येक फोटो वेगळा होता आणि प्रत्येक फोटो मीच काढलाय हे लांबून कळत होतं.

निदान कॅमेरा तरी जगावेगळा आहे, एवढं एखाद्या जाणत्याच्या तोंडून ऐकावं, म्हणजे ते कोणाच्या तरी मार्फत बारामतीला पोचवता येईल, असं मला वाटू लागलं. पुण्यात नातू नावाचे एक गृहस्थ जुने कॅमेरे जमवतात असं कळलं होतं. त्यांना मी फोन केला आणि सगळं वर्णन सांगितलं. घडीचा, जपानी, चुणीदार भाता, लाल काच, होशिनो सिक्स.

“मग?” नातू म्हणाले.

“फार दुर्मीळ असणार ना?”

“दुर्मीळ कसला? कोणी विचारत नाही म्हणून दिसत नाही. वर्षभर काढला कंपनीने, मग कंपनीच बुडाली. माझ्याकडे चार पडलेत, माळ्यावर. बायको रोज बोलते. तुम्हाला हवा असेल तर एखादा घेऊन जा. पण दुपारी येऊ नका.”

मी सकाळी गेलो आणि एक घेऊन आलो. सध्या आमच्या घरी दोन होशिनो सिक्स आहेत. देवस्थळ्यांकडे एकही नाही.